पाच महिन्यांचं अंतर

माझ्या धाकट्या बहिणीच्या दोन्ही किडन्या गेल्या, तेव्हा आमच्या घरात किडनी हा शब्दच नव्हता. गुरदा माहीत होता. आम्ही मेंढरं राखणारी माणसं. बकरं कापलं की गुरदे कुठं सापडतात, चरबीत कसे गुंडाळलेले असतात, हे मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक. ते जिवंतपणी काय काम करतात, हे मात्र कधी कुणाला विचारलं नव्हतं. भाजून खायचे, एवढंच त्यांचं काम असं आम्ही धरून चाललो होतो.

ही नव्वदच्या सुमाराची, त्यानंतरच्या काही वर्षांतली गोष्ट. बहीण सोमेश्वरनगरला दिलेली. तिचे मालक, म्हणजे आमचे पाव्हणं, साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते. आधी तिचं तोंड सुजायचं, मग पाय सुजायला लागले, मग जेवण जाईना. बारामतीत रक्त तपासलं तेव्हा कळलं की दोन्ही किडन्या आटल्यात. मग आठवड्यातून दोनदा पुण्याला जाऊन मशीनवर रक्त धुवून घ्यायचं सुरू झालं. ती आणि पाव्हणं पहाटेच्या एसटीनं जायची. परत यायची तेव्हा पिळून टाकलेल्या लुगड्यासारखी दिसायची. डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं की कुणाची तरी किडनी बसवली तर जगेल, नाहीतर असं फार दिवस चालणार नाही.

पाव्हण्यांचा रक्तगट जुळला नाही. माझा जुळला. माझे मालक आधीच वारले होते, पोरं आपापल्या संसाराला लागलेली, आणि मी शेळगावला आईजवळ राहत होते. त्यामुळं मला कुणाला विचारायचं नव्हतं. ते एका अर्थी बरंच झालं. विचारलं असतं तर चार जणांनी चार दिशांना ओढलं असतं.

बारामतीच्या एका दवाखान्यात पंधरा दिवसांतून एकदा पुण्याहून किडनीच्या डॉक्टरीणबाई यायच्या. पस्तिशीच्या असतील. पायात साध्या चपला, आणि काखेत कायम एक लांब वही. त्या पेशंट बघायच्या आणि संशोधनही करायच्या. पहिल्याच दिवशी मी विचारलं, "संशोधन म्हणजे काय करता?"

"जे कुणालाच माहीत नाही ते मोजत बसते," त्या म्हणाल्या.

"म्हणजे काय मोजता?"

"किडनी घेतलेल्या माणसाचं पुढं काय होतं, ते सगळे बघतात. दिलेल्या माणसाचं काय होतं, ते नीट कुणी बघितलेलं नाही. टाके काढले की तो घरी जातो, आणि त्याचं पुढं काय झालं ते कुणी विचारत नाही. मी विचारते."

मला हे पटलं. आमच्यात मेंढी विकली तरी चार महिन्यांनी घेणाऱ्याला विचारतात, बरी आहे का म्हणून.

मग माझ्या तपासण्या झाल्या. चोवीस तासांची लघवी प्लॅस्टिकच्या कॅनमध्ये साठवून, शेळगावहून एसटीनं बारामतीला न्यायची. कंडक्टरनं विचारलं, "मावशी, ताक का तेल?" मी म्हटलं, "उघडून बघ." त्यानं बघितलं नाही, पण तिकीट देताना हात लांब केला.

तपासणीचा कागद आला आणि बाई खूश झाल्या. दोघी बहिणींचं मांस एकमेकींना जुळतं, असं त्या म्हणाल्या. कसं जुळतं, ते मला कळेना. तेव्हा त्यांनी टेबलावर बोटानं चार ठिपके दाखवले. मी म्हटलं, "असं न्हाय. पुढच्या वेळी घरी या, दाण्यांनी दाखवा." त्या हसल्या. मला वाटलं, कशाला येतायत.

इथवर सगळं सरळ होतं. अडलं ते शाळेच्या दाखल्यावर.

किडन्यांची विक्री थांबवण्यासाठी तेव्हा नुकताच नवा कायदा झाला होता. देणारा जवळचा नातेवाईक आहे, हे कागदावर दाखवायला लागायचं. पुण्याच्या ज्या दवाखान्यात ऑपरेशन व्हायचं होतं तिथं कागद बघणारी तीन जणांची कमिटी होती. मी आणि बहीण, दोघींनी चौथीपर्यंतच्या शाळेचे दाखले दिले. आईचं नाव एक, वडिलांचं नाव एक. माझी जन्मतारीख एक जानेवारी. बहिणीची त्याच वर्षातली एक जून.

कमिटीनं कागद परत पाठवला. एका आईला पाच महिन्यांच्या अंतरानं दोन मुली होत नाहीत. त्यामुळं यातली एक बहीण खोटी, आणि खोटी बहीण म्हणजे पैसे देऊन आणलेली बाई.

खरं काय झालं होतं ते आमच्या घरात सगळ्यांना माहीत होतं, पण त्यात काही चूक आहे असं कुणालाच वाटलं नव्हतं. मी नऊ वर्षांची होईपर्यंत आम्ही वर्षातले आठ महिने मेंढरांमागं फिरत होतो. मग वडिलांनी मेंढरं कमी करून शेळगावात बस्तान बसवलं आणि दोघींना एकाच दिवशी शाळेत घातलं. जाता-येता सोबत होईल म्हणून. हेडमास्तरांनी धाकटीला सहा वर्षं पुरी करून एक जून लिहिलं. तेव्हा सगळ्यांनाच एक जून लिहायचे. माझी तारीख लिहायची वेळ आली तेव्हा वडील म्हणाले, "ही थोरली हाय, गुरुजी." मग मास्तरांनी थोरलेपणाचा मान ठेवून मला पाच महिने आधी जन्माला घातलं. दोघी एका वर्गात बसतील एवढाच हिशेब त्यांनी केला. मास्तरांचं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं.

मी शाळेत गेले. आताच्या हेडमास्तरांनी जुनं रजिस्टर काढलं, तारखा बघितल्या आणि हसू दाबलं. "आक्का, शाळा सोडल्यावर जन्मतारीख बदलता येत न्हाय. नियम हाय."

"पण ही चुकलीय, हे दिसतंय का तुमाला?"

"दिसतंय. पण बदलता येत न्हाय."

तोवर बहिणीला दम लागायला लागला होता. पाणी किती प्यायचं, ते वाटीनं मोजून. तिनं एकदा मला विचारलं, "आक्का, मास्तर जिवंत हाय का गं?" मी म्हटलं, "कवाच मेला." "मग सुटला," ती म्हणाली.

मी बाईंना सगळं सांगितलं. त्यांनी वही मिटली आणि विचारलं, "तुमची आई आहे?"

"हाय. कान आणि जीभ, दोन्ही धड हाय."

"मग मला तिचं रक्त पाहिजे."

बाई खरंच शेळगावला आल्या. आई ओट्यावर हुलगे निवडत बसली होती. रक्त पाहिजे म्हटल्यावर तिनं सूप बाजूला ठेवलं. "कशाला?"

सोबत आलेल्या पाव्हण्यांनी समजावलं की या दोघी तुमच्याच पोटच्या आहेत हे रक्तावरनं ठरवायचं आहे. झालं. आई जी उसळली.

"माझ्या पोटची पोर हाय का न्हाय हे ह्यांस्नी रक्तावरनं कळणार? आन मी काय झोपले होते तवा?"

मी जरा बाजूला घेऊन तिला विचारलं, "आई, तसं काही असलं तर आत्ताच सांग." तिनं माझ्या पाठीत असा गुद्दा हाणला की मी उत्तर समजले.

मग बाई तिच्यासमोर खाली बसल्या. रक्ताचं नावच काढलं नाही. म्हणाल्या, "आजी, शंभर मेंढरांत कुठलं कोकरू कुठल्या मेंढीचं, हे कसं ओळखता?"

"मेंढी वासानं वळखती. मी चालीवरनं. कानावरनं. आईसारखंच मागनं बघतं ते."

"आणि मेंढी मेली, कोकरू एकटं राहिलं, तर?"

"तरी कळतंय. मला कळतंय."

"मला वासही येत नाही आणि चालही कळत नाही," बाई म्हणाल्या. "मी पुण्यात कमिटीसमोर काय सांगू? म्हणून रक्त मागते. तुमचं डोळ्यानं होतं ते मला सुईनं करायला लागतं."

आईनं बाईंना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. मग म्हणाली, "एवढं शिकून बी दिसत न्हाय व्हय?" आणि हात पुढं केला.

रक्त घेऊन झाल्यावर मी सुपाकडं बोट दाखवलं. "आता दाखवा दाण्यांनी." बाईंनी आईच्या नावानं एक हुलगा आणि एक मटकी ठेवली. वडिलांच्या नावानं एक जोंधळ्याचा दाणा आणि एक बाजरीचा. म्हणाल्या, "प्रत्येक लेकरू आईकडचा एक उचलतं आणि बापाकडचा एक. कुठला उचलायचा ते त्याच्या हातात नसतं. तुम्ही दोघींनी मटकी आणि बाजरी उचलली. सख्ख्या बहिणींतही असं दर वेळी होत नाही."

मी दाणे फिरवून बघितले. चार जोड्या होतात. म्हणजे आम्हाला आणखी दोन बहिणी असत्या, तरी त्यांचं जुळलंच असतं असं नाही. हे मला फार नवल वाटलं. एका पोटात राहून एकमेकींना परक्या. पुढं कितीतरी दिवस मी गावातली भावंडं बघत बसायची, यांनी कुठले दाणे उचलले असतील म्हणून.

निघताना बाईंनी आईला धीर द्यायचा म्हणून सांगितलं की थोरलीची एक किडनी काढली तरी दुसरी काम उचलते, काळजी करू नका. आई म्हणाली, "ते मला नगं सांगू. एका गुरद्याची मेंढी म्या बघितलीया."

बाई उंबऱ्यातच थांबल्या. "कुठं? कधी?"

"इंदापूरच्या बाजारात कापली तवा. जलमापासनंच एक. दोन येळा वेलेली मेंढी व्हती, काय आजार न्हाय, फिजार न्हाय."

"तो एक केवढा होता? नेहमीएवढा?"

"न्हाय. ह्येवढा!" आईनं मूठ करून तिच्यावर दुसरी मूठ ठेवली.

बाईंनी उभ्या-उभ्या वही काढली आणि त्या मुठींचं चित्र काढलं. मला तेव्हा कळलं की ही बाई कुणाकडूनही शिकेल. पुढं त्या इंदापूरला गेल्या की बाजारातल्या खाटकाकडं जाऊन विचारायच्या, एका गुरद्याचं जनावर निघालं का म्हणून. खाटकानं मला सांगितलेलं. तो म्हणायचा, "मी इचारलं, बाई, मटण किती देऊ? तर म्हणत्यात, मटण नगं, फकस्त सांगा!"

रक्ताचा निकाल आला. आईकडं मटकी निघाली, म्हणजे ती आमच्या दोघींची आई. पण कमिटीला तारखांचाही खुलासा पाहिजे होता. बाई म्हणाल्या, आईचं प्रतिज्ञापत्र करा. आजी सांगतील तसंच लिहून घ्या, एक शब्द बदलू नका.

इंदापूरला तहसील कचेरीबाहेर झाडाखाली टायपिंगवाले बसायचे. त्यातल्या एकानं स्टँपपेपर मशीनला लावला आणि आईला विचारलं, "मोठ्या मुलीची जन्मतारीख?"

"तारीख कुठनं आणू? त्या साली आमचा तळ निरेच्या काठाला व्हता."

"तारीख लागती, आजी. जागा मोकळी न्हाय सोडता येत. एक जून टाकू का?"

"नगं!" मी, आई आणि पाव्हणं तिघं एकदम ओरडलो. शेजारचा टायपिंगवाला थांबून बघायला लागला.

मग आईनं सांगितलं आणि त्यानं डोकं हलवत लिहिलं. थोरली झाली तेव्हा तळ निरेच्या काठाला. पुढल्या साली कोकणात उतरलो. त्याच्या पुढल्या साली लांडग्यानं आठ मेंढरं नेली. त्याच्या पुढल्या साली भोरच्या वाटेवर मला घोड्यावरनं उतरवलं आणि धाकटी झाली. मधे दुसरं मूल झालं नाही. खाली आईचा अंगठा. मला त्यातला लांडगा आठवतो असं मी लहानपणापासून सांगत आले. खरं तर ऐकूनच आठवत असेल. बहीण झालेली मात्र अजिबात आठवत नाही.

कमिटीनं आईला समोर बोलावलं. टेबलामागं तीन पुरुष. बाई एका कडेला उभ्या, काखेत वही. बहीण बाहेर बाकावर भिंतीला टेकून बसली होती. आजचा कागद झाला तर ऑपरेशन, नाही झाला तर पुन्हा मशीन, आणि मशीनवर तिचे किती दिवस निघतील हे कुणी सांगत नव्हतं.

मधल्या साहेबांनी मोठ्यानं विचारलं, "आजी, या दोघी तुमच्याच मुली का?"

"मग काय तुमच्या?"

"तसं नाही. या कागदावर दोघींत पाच महिन्यांचंच अंतर आहे."

आईला हे तोवर कुणी महिने मोजून सांगितलंच नव्हतं. तिनं बोटांवर मोजलं. मग साहेबांकडं बघितलं.

"पाच महिन्याला मेंढी वेती, साहेब. मी बाईमाणूस हाय."

डावीकडचे साहेब, ते बहुतेक आमच्याच बाजूचे असावेत, रुमाल तोंडाला लावून खोकायला लागले. मधल्यांनी प्रतिज्ञापत्र पुन्हा वाचलं. "हा लांडगा..." असं म्हणून थांबले. बाई तेवढ्यात म्हणाल्या, "सर, त्यांचं मोजणं शाळेपेक्षा बरोबर आहे. प्रत्येक वर्षी तळ कुठं होता ते मी त्यांना उलटं-सुलटं विचारलंय. एकदाही चुकल्या नाहीत. आणि रक्त तेच सांगतंय."

सही झाली. मी बाहेर येऊन बहिणीला सांगितलं. ती म्हणाली, "म्हंजे आता मी तुज्याहून तीन वर्सांनी ल्हान. ऐकायला लागंल तुजं."

ऑपरेशनबद्दल सांगण्यासारखं फार नाही. दुखलं. मग दुखायचं थांबलं. डाव्या कुशीला फाळानं ओढल्यासारखी खूण आहे. शुद्धीवर आल्यावर मी पहिल्यांदा विचारलं की तिला लघवी झाली का. बाई पिशवीच घेऊन आल्या. पिवळी, भरलेली. लोक देवाचा प्रसाद बघतात तशी आम्ही दोघी ती पिशवी बघत होतो. टेबलावर असतानाच सुरू झाली, असं त्या म्हणाल्या. किडनी जोडली आणि लगेच कामाला लागली. तिला कळलंही नाही की घर बदललं. यावर मी बरेच दिवस विचार केला. माणूस नव्या घरी गेलं की वर्षभर रुसतं.

पुढं दर वर्षी मी कॅन घेऊन बारामतीला जायचे. बाई वजन, रक्तदाब, लघवी सगळं मोजायच्या आणि वहीत लिहायच्या. एकदा मी ती वही बघायला मागितली. अक्षर लागलं. एका बाजूला देणारे, एका बाजूला घेणारे. देणाऱ्यांत आई, बायको, बहीण, आई, बायको. घेणाऱ्यांत बहुतेक पुरुष.

"हे असं का?" मी विचारलं.

"तुम्हीच सांगा. मी कारण मोजू शकत नाही."

"माझा नवरा असता आणि मला लागली असती, तर त्यानं दिली नसती. त्याला लागली असती तर मी दिली असती. आणि जन्मभर बोलून दाखवली असती."

बाई इतक्या हसल्या की बाहेरची पेशंट डोकावली. मग म्हणाल्या, "हे लिहू का?" मी म्हटलं, "लिहा, पण नाव नगं."

एकदा त्यांनी बारामतीत लोकांपुढं भाषण केलं. माणूस मेल्यावर डोळे, किडन्या देता येतात यावर. शहरात त्यांनी तेही काम धरलं होतं. अपघातात गेलेल्या माणसाच्या घरच्यांजवळ जाऊन मागायचं. त्यांनी मला सांगितलं की शंभरातनं एखादं घर हो म्हणतं आणि बाकीचे शिव्या देतात. मी विचारलं, "शिव्या खायला वाईट नाही वाटत?" म्हणाल्या, "शिव्या देणारे खरं बोलत असतात. गप्प बसणाऱ्यांची मला भीती वाटते." त्या कशानं या कामात पडल्या, हेही मी विचारलं होतं. शिकत असताना त्यांना एका रक्त धुवायच्या मशीनशेजारी बसवायचे. माणूस मशीनवर किती तास, किती दिवस, किती महिने, हे लिहायचं काम. एक दिवस एका पेशंटची ओळ तिथंच संपली. मग मशीनशिवाय काय करता येतं, ते शिकायला लागले, म्हणाल्या.

बहीण अकरा वर्षं जगली. गेली ती हृदयानं. किडनी शेवटपर्यंत चालत होती, माझी होती म्हणून सांगत नाही, कागदावर आहे. तिला जाळलं त्या दिवशी मला एक विचित्र वाटलं. मी काठावर उभी, आणि माझा एक तुकडा आधीच जळतोय. रडले नाही. बघत राहिले.

त्याच वर्षी बाईंचं माझ्यावर काहीतरी अडलं. त्यांनी सगळे आकडे पुण्याला मांडायला दिले होते. लिहिणाऱ्यानं माझं वय शाळेच्या दाखल्यावरनं घेतलं. वयाबरोबर किडनीचं काम थोडं उतरतंच, ते वय धरूनच बघायला लागतं. त्यामुळं कागदात मी होते त्यापेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी लहान, आणि माझी किडनी होती त्यापेक्षा जरा आळशी. फरक बारीक होता. दुसऱ्या कुणी सोडून दिला असता. बाई त्यासाठी शेळगावला आल्या.

आई तेव्हा नव्हती. ओट्यावर मी बसले होते. बाईंनी वही उघडली, माझ्या नावापुढचं वय खोडलं आणि म्हणाल्या, "आजींनी सांगितलेलं मला पाठ आहे. पण तुमच्या तोंडून पाहिजे."

मी सांगितलं. तळ निरेच्या काठाला. मग कोकण, मग लांडगा, मग बहीण. त्यांनी बोटांवर वर्षं मोजली आणि आकडा लिहिला.

रेशनकार्डावर, मतदार यादीत, बँकेत, सगळीकडं माझी ती मास्तरांचीच तारीख आहे. ती आता बदलायची नाही. खरं वय तेवढं त्या वहीत आहे, आणि वही पुण्यात आहे.